मदत हवी आहे: डीडीजीएस घातल्यापासून ब्रॉयलरची वजनं मागे, गादी ओली

नमस्कार मंडळी,

ब्रॉयलरचं खाद्य मी स्वतःच मिसळतो. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, या बॅचला पहिल्यांदाच वापरला. सोयापेंड आणि मका थोडे कमी करून पहिल्या दिवसापासून सरसकट १२ टक्के घातला. कागदावर प्रथिनांचा आकडा जुन्या खाद्याएवढाच येत होता.

दोन आठवड्यांतच पिल्लं मागे पडली. मर नाही, खातात नीट, पण अंगाला लागत नाही. शेडमध्ये लहान-मोठी सरमिसळ दिसते, बघून जीव तुटतो. पाणीही जास्त पितात आणि गादी (जमिनीवर पसरलेला भुशाचा थर) ओली होते. पाण्याचे निपल तपासले, गळती नाही.

एक गोष्ट मनातून जात नाही. नमुना सोनेरी पिवळा होता, आलेला माल गडद तपकिरी आहे आणि वास जळकट. रंगाचा खरंच संबंध असतो का? टक्का कमी करू की बंदच करू? बायोडिझेलचं ग्लिसरीन ऊर्जेसाठी घाला असंही एकाने सुचवलंय.

प्रतिसाद १

रंगाचा संबंध आहे, आणि मोठा आहे. वाळवताना उष्णता जास्त झाली की लायसिन, म्हणजे प्रथिनातलं एक गरजेचं अमिनो आम्ल, साखरेशी बांधलं जातं. तपासणीत ते प्रथिन म्हणून मोजलं जातं, पक्ष्याला मात्र पचत नाही. त्यात मक्याच्या प्रथिनात लायसिन मुळातच कमी. म्हणून नुसतं क्रूड प्रोटीन (एकूण प्रथिन) जुळवू नका, पचनीय लायसिन जुळवा. कमी पडेल तेवढं वरून द्या.

हा लॉट पिल्लांना आजच बंद करा. पुढे चांगला माल मिळाला तर स्टार्टरमध्ये (सुरुवातीच्या खाद्यात) ५ टक्क्यांच्या आत, फिनिशरमध्ये (शेवटच्या खाद्यात) १० पर्यंत.

सोडियम जास्त झाला की पक्षी पाणी जास्त पितात, म्हणून गादीसाठी तो तपासून घ्या. डीडीजीएसमध्ये तो लॉटगणिक बदलतो, त्या हिशोबाने खाद्यातलं मीठ कमी करावं लागतं. अफलाटॉक्सिनही तपासाच. स्टार्च निघून गेल्यावर मक्यातलं बुरशीचं विष साधारण तिप्पट घट्ट होतं.

कच्च्या ग्लिसरीनमध्ये क्षार असतात, मिथेनॉलही उरलेलं असू शकतं. गादी ओली असताना तर नकोच.

धागाकर्ता

मनापासून आभार. आजच जुन्या खाद्यावर आणतो, नमुना उद्या तपासणीला देतो. मागे पडलेली पिल्लं विक्रीपर्यंत वजन भरून काढतील का? कुणाचा अनुभव असेल तर कृपया लिहा.