रेट कॅप 3 टक्के, मग आमचे कौन्सिल रेट्स 8 टक्के कसे वाढले? (मेलबर्न) मदत हवी आहे

दमडी:
नमस्कार मंडळी. मेलबर्नच्या बाहेरच्या अंगाला आमचं घर आहे, घेऊन तीन वर्षं झाली. 2025-26 साठी व्हिक्टोरिया सरकारनं कौन्सिलच्या रेट्सवाढीवर (रेट्स म्हणजे इथली घरपट्टी) 3 टक्क्यांची मर्यादा घातल्याचं वाचलं होतं (गेल्या वर्षी 2.75 होती), म्हणून निर्धास्त होते. ऑगस्टमध्ये पाकीट फोडलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. जनरल रेट्स 1677 डॉलरवरून 1812. कचऱ्याचे 395 चे 440. फायर सर्व्हिसेस लेव्ही ही ओळच गायब, तिच्या जागी 'इमर्जन्सी सर्व्हिसेस अँड व्हॉलंटिअर्स फंड' असं लांबलचक नाव. तिथे 200 चे 280. एकूण 260 डॉलर जास्त.

आमचे हे म्हणतात, "भरून टाक, डोकं नको खाऊ." पण 3 म्हणजे 3 ना? कौन्सिल नियम मोडतंय का? तक्रार कुठे करायची?

ओसरी:
बिल नीट बघून दोन आकडे सांगा. घराची सीआयव्ही, म्हणजे जमीन आणि बांधकाम धरून लावलेली किंमत, आणि 'रेट इन द डॉलर', म्हणजे त्या किमतीच्या दर डॉलरमागे लागणारा दर. दोन्ही वर्षांचे.

दमडी:
किंमत 7,80,000 होती, आता 8,35,000. दर 0.00215 होता, आता 0.00217. दर तर जेमतेम हललाय!

ओसरी:
तिथेच तर मेख आहे. कॅप तुमच्या बिलावर नसते, कौन्सिलच्या सरासरीवर असते. सगळ्या मालमत्तांचे जनरल रेट्स आणि म्युनिसिपल चार्ज (काही कौन्सिल प्रत्येक मालमत्तेवर लावतात तो ठरावीक आकार) एकत्र करायचे, मालमत्तांच्या संख्येनं भागायचं. जी सरासरी येते ती 3 टक्क्यांच्या वर वाढता कामा नये. तुमच्या आकड्यांवरून दिसतं की कौन्सिलच्या हद्दीतल्या किमती एकूण 2 टक्क्यांच्या आसपास वाढल्या असाव्यात, म्हणून दर 1 टक्का वाढवला. झाले 3. तुमचं घर मात्र 7 टक्क्यांनी वाढलं. 7 आणि 1, तुमचे 8. सगळ्यांचीच घरं 7 टक्क्यांनी वाढली असती, तर कौन्सिलला दर उलट खाली आणावा लागला असता.

म्हणजे कॅप कौन्सिलच्या गल्ल्याला आहे. गल्ला कोणाकडून किती भरायचा, ते व्हॅल्युएशन ठरवतं.

काठावरचा:
मी त्याच गणिताच्या दुसऱ्या टोकाला आहे. माझ्या युनिटची किंमत यंदा घसरली आणि रेट्स चाळीसेक डॉलरनी कमी झाले. तुमचे वाढले ते माझे उतरले म्हणायचे, राग नसावा. आधी व्हॅल्युएशन दोन वर्षांनी व्हायचं, 2019 पासून दरवर्षी होतं, त्यामुळे ही वरखाली आता रोजचीच.

बाकी कचरा आणि तो नवा फंड दोन्ही कॅपच्या बाहेर. फंडाचे पैसे तर राज्य सरकारचे, कौन्सिल नुसतं वसूल करून देतं. त्यातला ठरावीक भाग सोडला, तर किमतीवर लागणारा दर घरांसाठी यंदा जवळजवळ दुप्पट केलाय. शिव्या द्यायच्याच तर योग्य दारात जाऊन द्या. कचऱ्याच्या ओळीबद्दल मात्र माझ्या मनात कायम संशय असतो. कॅपमध्ये न मावणारा खर्च तिथे सरकवायला किती सोपं!

दमडी:
अच्छा, म्हणजे नियम कोणी मोडलेलाच नाही. मग करण्यासारखं काहीच नाही?

ओसरी:
आहे की. व्हॅल्युएशनवर हरकत घेता येते, पण नोटीस निघाल्यापासून दोन महिन्यांच्या आत. "बिल फार वाढलं" हे कारण चालत नाही. "1 जानेवारीला माझ्या घराची किंमत एवढी नव्हती" हे दाखवावं लागतं. त्या सुमारास जवळपास विकली गेलेली, तुमच्यासारखीच तीन-चार घरं शोधा. शेजाऱ्याचं बिल पुरावा म्हणून नेऊ नका, विक्रीच्या किमती न्या. आणि आधी कौन्सिलला फोन करून तुमच्या घराची नोंद काय आहे ते विचारा, तिथे कधीकधी गंमत असते. हरकत घेतली म्हणून हप्ता थांबवू नका, पहिला 30 सप्टेंबरला आहे.

दरावरच बोलायचं असेल तर पुढच्या वर्षी बजेटचा मसुदा लोकांसमोर ठेवतील तेव्हा लेखी कळवा. कौन्सिलला जास्त वाढ हवी असेल तर इसेन्शियल सर्व्हिसेस कमिशन या राज्याच्या नियामक संस्थेकडे वेगळी परवानगी मागावी लागते. तसा अर्ज कुठे दिसला तर खरं जागं व्हायचं.

दमडी:
फोन केला! नोंदीत चार बेडरूम आणि डबल गॅरेज. आमच्या बेडरूम तीन, आणि गॅरेज म्हणजे चार खांबांवरचा पत्रा. ह्यांना हे सांगितलं, तर आता तेच टेप घेऊन घर मोजतायत. हरकतीचा फॉर्म आज रात्री भरते, पहिला हप्ता भरून टाकलाय. काय होतं ते इथेच कळवेन.