मदत हवी आहे: मुलगी शांत आहे, पाहुण्यांना काय सांगायचं?
नमस्कार, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगी दुसरीत आहे, घरी आजीशी तासन्‌तास बडबडते, आमराईत नेलं की एकटीच गोष्टी रचत फिरते, पण पाहुणे आले की माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत गप्प, आणि मग सगळे सुरू, "अगं बोल की, मुकी हाईस का?"

परवा विचारत होती, "आई, गप्प बसणं वाईट असतंय का?" मी नाही म्हटलं, आणि मला खरंच तसंच वाटतं. वर्गात बाईंनी विचारलं तर हळू का होईना उत्तर देते, एक मैत्रीण पण आहे, त्यामुळं सिलेक्टिव्ह म्युटिझम (घरी नीट बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त काळ बोलूच शकत नाही) तसलं काही वाटत नाही, तसं असतं तर थेट डॉक्टरांकडं नेलं असतं.

आता नातेवाईकांना तिच्यासमोरच, पण न दुखवता, काय सांगायचं? आणि गॅदरिंगला नाचायचं नाही म्हणतीय, तर तिला पडद्यामागचं काम द्या असं बाईंना सांगू का? ज्यांची मुलं अशी आहेत त्या ताई-दादांनी प्लीज सांगा, दिवाळीला सगळे जमायच्या आत कळलं तर लय बरं होईल.