मदत हवी आहे: अनुराधपूरचे प्राचीन तलाव रडार-प्रतिमेत वेगळे कसे काढावेत?

जुनापाट: श्रीलंकेतील अनुराधपूरभोवतीच्या प्राचीन तलावांचा आणि कालव्यांचा नकाशा सेंटिनेल-१ या रडार-उपग्रहाच्या प्रतिमांवरून करण्यात माझे तीन आठवडे गेले आहेत. पाणी काळे दिसते, म्हणून ठरावीक मूल्याखालचे सर्व पिक्सेल वेगळे काढले, तर तिस्सावेवा आणि नुवरावेवा या तलावांबरोबर निम्मा परिसरच जलमय झाला. सोमवारी प्रबंधाचे प्रकरण द्यायचे आहे. रडार म्हणजे काय हे कृपया शिकवू नये, उपाय सांगावा.

लहरी: प्रतिमा कोणत्या महिन्यातली आहे? ध्रुवीकरण, म्हणजे रडार-लहरीच्या कंपनाची दिशा, कोणते?

जुनापाट: व्हीव्ही, म्हणजे उभी लहर पाठवून उभीच टिपलेली. डिसेंबर. महिन्याचा काय संबंध?

लहरी: सगळा संबंध महिन्याचाच आहे. तिकडे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि त्यावरच भाताचा मुख्य हंगाम घेतला जातो. लावणीसाठी भरलेल्या खाचरातले संथ पाणी रडारची लहर पुढच्या पुढे परावर्तित करते, ती उपग्रहाकडे परतत नाही, म्हणून खाचर आणि तलाव दोन्ही सारखेच काळे दिसतात. रोप वर आले की खाचर उजळते, तलाव मात्र काळाच राहतो. तेव्हा वर्षभराच्या प्रतिमा एकावर एक ठेवून कोणता पिक्सेल किती काळ काळा राहतो ते पाहा.

समोच्चरेषा: एवढा खटाटोप कशाला? एसआरटीएमची, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेली जमिनीची उंची घ्या, उतार काढा, कालवे आपोआप दिसतील. मी सह्याद्रीत हेच करतो.

लहरी: सह्याद्रीत दिसेल, येथे नाही. कालावेवा तलावातून तिस्सावेवाकडे पाणी आणणारा जयगंगा कालवा सुमारे ८७ किलोमीटर लांब असून त्याच्या पहिल्या २७ किलोमीटरांतला उतार दर किलोमीटरला अवघा १० सेंटीमीटर सांगतात, म्हणजे एकूण पावणेतीन मीटर. एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरांत असते आणि तीही झाडांच्या शेंड्यांमुळे फुगलेली असते.

समोच्चरेषा: उतार सापडणार नाही, मान्य. पण मोठ्या तलावाचा बांध सापडेल.

यात्रिक: जेतवन स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता, तो अवश्य पाहावा. चिनी बौद्ध भिक्खू फाहियान याच देशात दोन वर्षे राहिला होता.

जुनापाट: मी स्तूपाची उंची विचारलेली नाही.

जुनी फिल्म: फुटलेल्या तलावात पाणीच नसते, मग पाणी शोधून तो कसा मिळेल? १९९५ मध्ये खुली झालेली अमेरिकेच्या कोरोना या हेर-उपग्रहांची छायाचित्रे पाहा. ती १९६० ते १९७२ मधली, म्हणजे महावेली नदीच्या सिंचन प्रकल्पाने कालावेवाखालच्या जमिनीची आखणी बदलण्यापूर्वीची आहेत. ढग नसलेली चौकट मिळाली, तर ओढ्याला आडवा पडलेला, झाडांनी भरलेला बांध डोळ्यांनीच ओळखता येतो.

जुनापाट: वर्षभराच्या प्रतिमा रचून पाहिल्या. खाचरे गेली, तलाव उरले. आता नुवरावेवाच्या दक्षिणेला एक काळी, अगदी सरळ रेषा बाराही महिने दिसते. कालव्याचा अज्ञात भाग असावा काय?

लहरी: जयगंगा जमिनीच्या चढउतारानुसार वळणे घेत जाते आणि तिला बांध एकाच बाजूला आहे. बाराही महिने काळे आणि सरळ म्हणजे गुळगुळीत डांबर. रंगीत उपग्रहचित्र उघडून पाहा, ती विमानतळाची धावपट्टी निघेल.

जुनापाट: धावपट्टीच आहे. प्रकरणातला एक परिच्छेद खोडतो.