बाबासाहेब गावाच्या विरोधात होते, तर घटनेत पंचायत घातली कुणी?

कृष्णाकाठची

परवा जेवताना मामांशी वाद झाला. मामा गावी असतात, मी पुण्यात. त्यांचं म्हणणं असं की देश गांधीजींच्या ग्रामस्वराज्यावर उभा राहायला हवा होता, पण आंबेडकरांनी गावाला डबकं म्हटलं आणि सगळी सत्ता दिल्ली-मुंबईत नेऊन ठेवली. मी म्हटलं, मग तुम्ही दर पाच वर्षांनी पंचायतीला मत देता ते कुठून आलं? त्यावर मामा म्हणाले, “ते राजीव गांधींचं.” इथे माझं ज्ञान संपलं.

बाबासाहेब खरंच असं म्हणाले होते का? म्हणाले असतील तर पंचायत घटनेत शिरली कशी? नुसती कलमं सांगू नका, ती मलाही शोधता येतील. यात नेमकं कोण जिंकलं ते कुणीतरी समजावून सांगा.

पानं_चाळणारा

म्हणाले होते, आणि तेही घटना समितीच्या भर सभागृहात. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी गावाला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलं. मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा आपल्याला आनंद आहे, असंही त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवसापासून समितीतले कामत, रंगा वगैरे सदस्य त्यांच्यावर तुटून पडले.

त्याआधीची बाजूही बघा. १९४६ मध्ये श्रीमन नारायण अगरवालांनी गांधीवादी राज्यघटनेचा एक आराखडा लिहिला होता. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून वरची मंडळं, असं थरावर थर रचत दिल्लीपर्यंत जायचं. गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली होती. घटना समितीने तो रस्ता घेतला नाही. प्रत्येक प्रौढाचं मत थेट आमदार-खासदाराला, हा रस्ता घेतला.

तडजोड झाली २२ नोव्हेंबर १९४८ ला. के. संथानम यांनी पंचायतींची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी वाद न घालता ती स्वीकारली. तेच आजचं ४० वं कलम. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे. म्हणजे सरकारने करावं, नाही केलं तर कोर्टात जाता येत नाही. मामांचा राग खरं तर इथे असायला हवा.

पंचायती घटनेने पक्क्या करायचं राजीव गांधींचं विधेयक १९८९ मध्ये राज्यसभेत पडलं. ते काम करणारी ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर झाली डिसेंबर १९९२ मध्ये, नरसिंह राव पंतप्रधान असताना, आणि लागू झाली २४ एप्रिल १९९३ ला. मामांना अर्धे मार्क.

माजी_ग्रामसेवक

ताई, मी ३३ वर्षं ग्रामसेवक होतो. पाच तालुके फिरलो. कोण जिंकलं ते मी एका पारावरून सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीला जे गाव मिळालं तिथे ग्रामसभा मारुतीच्या पारावर व्हायची. वर मंडळी बसायची, मी वहीसकट त्यांच्यात. खाली रस्त्यापलीकडे, लिंबाच्या सावलीला बौद्धवाडीची माणसं उभी. कुणी त्यांना “येऊ नका” म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. मी ठराव वाचायचो तो त्यांच्यापर्यंत पोचायचा नाही, आणि सभा उठली की कोतवाल वही घेऊन तिकडे जाऊन अंगठे घ्यायचा. कागदावर ग्रामसभा शंभर नंबरी.

बाबासाहेब कशाला डबकं म्हणत होते ते मला त्या पारावर कळलं, पुस्तकात नाही.

आता दुसरी बाजू. पंचायतीला विरोध केला म्हणून त्यांना गाव नकोच होतं असं नाही. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचं विधेयक आलं, तेव्हा ते त्यावर बोलले. जातीत बांधलेल्या गावाच्या हातात सत्ता द्यायची तर अस्पृश्यांना पंचायतीत राखीव जागा हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. आणि ७३ व्या दुरुस्तीत काय आहे? पंचायत गांधीजींची, पण २४३ डी कलमात अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येप्रमाणे जागा आणि एक तृतीयांश जागा बायकांना. आपल्याकडे पुढे बायकांचा वाटा निम्मा झाला. १९३२ ची मागणी ६० वर्षांनी घटनेत आली. कोण जिंकलं म्हणता? माझ्या मते गांधीजींचं गाव बाबासाहेबांच्या अटीवर मिळालं.

आमच्या खात्यातले लोक हेही सांगतील की राखीव जागा आधीही असायची. असायची. एखादा सदस्य यायचा, दाराजवळ बसायचा, “व्हय” म्हणून सही करायचा. फरक पडला तो सरपंचपद राखीव झाल्यावर. आरक्षणाची सोडत निघाली आणि माझ्या तिसऱ्या गावात अनुसूचित जातीची बाई सरपंच झाली. पहिल्या मासिक सभेला ती आली आणि उपसरपंच खुर्चीत बसलेले. ती उभी. मी हातातलं दप्तर टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, “आबा, प्रोसिडिंगला अध्यक्षस्थानी कुणाचं नाव घालू?” दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग आबा उठले, चप्पल शोधल्यासारखं केलं आणि बाकावर जाऊन बसले.

लगेच टाळ्या वाजवू नका. पहिलं वर्षभर तिचा नवराच सगळं बोलायचा. चेकवर तिची सही, पण आकडा त्याचा. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीचं बिल आलं, तेव्हा ती मला म्हणाली, “भाऊसाहेब, थांबा. टाकी गळतीय का ते मी बघून येते.” गेली, पाहून आली आणि बिल परत पाठवलं. त्यानंतर नवरा सभेच्या दिवशी शेतावर जायला लागला.

आणि हो, त्या गावात सभा पारावर कधीच झाली नाही. शाळेच्या व्हरांड्यात घ्यायची हा तिचाच पहिला ठराव.

वैनगंगा

काकांचं पटलं, फक्त आमच्या बाजूचं एक. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा तिथली. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या बैठकीला. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तोही वनहक्क कायद्याने, मेहेरबानीने नाही. म्हणजे गांधीजींचं गाव अगदीच स्वप्नात नव्हतं. पण ते गोंडांचं गाव. तिथे पार नव्हता, पाराखालचे नव्हते.

पानं_चाळणारा

कायद्यातली मेख सांगायची राहिली. ७३ व्या दुरुस्तीने निवडणूक, मुदत आणि आरक्षण पक्कं केलं, पण ११ व्या अनुसूचीतले २९ विषय पंचायतींना किती द्यायचे ते राज्यांवर सोडलं. आणि पक्कं म्हणजे तरी किती? आपल्याकडे बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली, आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसले. ज्या महाराष्ट्रात १ मे १९६२ ला, घटनादुरुस्तीच्या ३० वर्षं आधी, यशवंतरावांच्या काळात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या तिथे ही गत.

कृष्णाकाठची

काका, तुमचं उत्तर मामांना वाचून दाखवलं. गप्प बसले. मग म्हणाले, आपल्याकडेही सभा अजून देवळातच होते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी गावी जाणार आहे, माझं नाव तिथल्याच यादीत आहे. काय बघू?

माजी_ग्रामसेवक

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आधी मोजा. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे पहिली सभा तहकूब व्हावी म्हणून वाट बघणारे सरपंच मी पाहिलेत. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला सांगा, “वाचलं असं समजू” चालत नाही. आणि सही करण्याआधी शेवटच्या ठरावाखाली बघा. दोन-चार ओळी मोकळ्या दिसल्या तर तिथे आडवी रेघ मारायला लावा, मग सही करा.