पहिल्यांदा समुद्रात मासेमारीला जाताना
उपाशीपोटी गेल्यास बोट लागत नाही, हे काही जणांचे मत माझ्या अनुभवाशी जुळत नाही. मे महिन्यात कामानिमित्त गोव्यात असताना मी मालिमच्या जेटीवरून पहाटे मासेमारीच्या बोटीवर गेलो, तेव्हा रिकाम्या पोटी अधिकच मळमळले. तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, दिलेला कोरडा पाव खाऊन नजर क्षितिजावर स्थिर ठेवली, तेव्हा कुठे बरे वाटले. जाळे वर आले त्या वेळी बांगड्यांच्या पाठीवरचे निळे-हिरवे पट्टे लखलखत होते आणि पाहता पाहता फिके पडत गेले. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. जायचे असल्यास मेअखेरपूर्वीच जावे, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि माशांच्या विणीसाठी ती बंदी आवश्यकच आहे.