गोल्फ आणि मैत्रीवरचं ललित लेखन: खेळ न कळणाराही त्यात का रमतो?

टिळकवाडीकर
कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा आपल्या बेळगाव भागातल्या साहित्य संमेलनात वाचण्यासाठी दोन मित्र आणि गोल्फ यांवर १५०० शब्दांचा ललित लेख लिहायचा आहे. समोर शेतकरी, शिक्षक, निवृत्त मंडळी. इंग्रजी विनोदी लेखक वुडहाउसच्या गोल्फकथा खेळ न कळणारेही आवडीनं वाचतात. ही ओढ कशात आहे? आणि संज्ञांचं काय करायचं?

खानापूरचा वाचक
ओढ चालण्यात आहे. १८ होलचा, म्हणजे चेंडू एकामागून एक अठरा खळग्यांत घालायचा, राउंड साधारण चार तासांचा. एका फटक्याला ४० सेकंदांहून जास्त घेऊ नयेत, असं नियमच सुचवतात. ९० फटके धरले तरी स्वतःचा खेळ तासाभराचा. उरलेला वेळ जोडीदाराबरोबर, नजर समोर ठेवून चालायचं. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे फिरणाऱ्या जोड्या बघा की, घरातलं जड बोलणं असंच चालताना निघतं. गोल्फमध्ये ते मध्येच तुटतं. चेंडू झाडीत गेला की शोधायला तीनच मिनिटं (२०१९ पूर्वी पाच होती). अर्धं वाक्य तसंच टाकून मित्रही वाकून, पायानं गवत बाजूला सारत शोधू लागतो. लेख इथं रेंगाळू द्या. फटक्यांची वर्णनं मात्र दोनच ठेवा, जास्त झाली की श्रोते जांभया देतात.

निपाणीकर
सर, चालणं खरं, पण इमानाचा हिशेब त्याहून मोठा. रोजच्या खेळात मागे पंच नसतो. १९२५ च्या यूएस ओपन स्पर्धेत अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स यांचा चेंडू गवतात किंचित हलला. इतर कुणी पाहिलं नव्हतं, तरी त्यांनी स्वतःवर एक फटका दंड लावला आणि पुढे बरोबरी फोडायच्या जादा सामन्यात (प्लेऑफ) हरले.
मैत्रीला हँडिकॅपही, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सुटीचा आकडाही, फार उपयोगी. एकाचा ८, दुसऱ्याचा २० असेल तर दुसऱ्याला सर्वांत अवघड १२ होलवर एकेक फटका सूट. वयानं हा आकडा वाढत जातो. मित्र म्हातारा झाला हे वेगळं लिहावंच लागत नाही.
एक चूक हमखास होते. होलजवळचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका फटका, 'दिला' म्हणून सोडणं फक्त मॅच प्लेमध्ये (एकेक होल कोण जिंकलं ते मोजायचं) चालतं. स्ट्रोक प्लेमध्ये (सगळे फटके मोजायचे) चेंडू होलमध्ये घालावाच लागतो. १९६९ च्या रायडर कप या सांघिक स्पर्धेत अमेरिकेच्या निकलस यांनी प्रतिस्पर्धी ब्रिटिश खेळाडू जॅकलिन यांच्या चेंडूची खूण उचलून शेवटचा पट सोडला, सामना १६-१६ बरोबरीत सुटला.

चिकोडीची ताई
होल, पट, हँडिकॅप तसेच ठेवा. फेअरवे म्हणजे कापलेलं गवत, रफ म्हणजे वाढलेलं, बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. होलचा व्यास सव्वाचार इंच, बशीपेक्षा लहान, एवढं सांगितलं की चित्र दिसतं. व्याख्या देत बसू नका. पुलंनी रंगवलेल्या बेळगावच्या रावसाहेबांत गाण्यातलं न कळणाराही रमतो, कारण माणूस त्याच्या बोलीतून उभा राहतो. तुमचे दोघेही आपल्या बेळगावी मराठीतच बोलू देत.

टिळकवाडीकर
मग मॅच प्लेच धरतो. शेवट अठराव्या होलवर करू काय?

निपाणीकर
नको. एक जण तीन होल पुढे आणि दोनच शिल्लक, की सामना सोळाव्यावरच संपतो. मग क्लबहाउसपर्यंत परतायचं, मोजायला काही नाही. शेवटचे २०० शब्द त्या परतीच्या वाटेला द्या.