ईव्हीडी असलेल्या रुग्णाच्या सीएसएफ अहवालातून संसर्ग कसा ओळखतात?

पारिजातक
रक्तदाब वाढून माझ्या सासऱ्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि रक्त मेंदूच्या पोकळ्यांत उतरल्यामुळे तेथील पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ईव्हीडी, बसवावी लागली. आता त्यांना ताप आहे. त्या पाण्याच्या, म्हणजे सीएसएफच्या, पहिल्या तपासणीत तांबड्या पेशी २०,००० आणि पांढऱ्या १२० होत्या; ताज्या अहवालात तांबड्या १०,००० आणि पांढऱ्या २०० आहेत. सीएसएफमधील साखर ५८ आहे, तर त्याच वेळची रक्तातील साखर १९० होती. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू वाढलेले नाहीत, तरीही व्हॅन्कोमायसिन आणि मेरोपेनेम ही प्रतिजैविके सुरू केली आहेत. जंतू सापडलेले नसताना ही औषधे का द्यावी लागतात, आणि यांतला कोणता आकडा भरवशाचा मानावा?

अतिदक्षता_निवासी
रुग्णाला न तपासता निदान सांगणे योग्य होणार नाही, परंतु हे आकडे कसे वाचले जातात ते सांगतो. पोकळीत सांडलेले रक्त स्वतःच दाह निर्माण करते. त्यामुळे ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि वाढलेली प्रथिने ही तिन्ही लक्षणे संसर्ग नसतानाही दिसू शकतात. म्हणून नुसती पेशींची संख्या न पाहता तिचे तांबड्या पेशींशी असलेले प्रमाण पाहतात आणि त्याची रक्तातील त्याच प्रमाणाशी तुलना करतात. याला सेल इंडेक्स म्हणतात. इन्सब्रुक येथील डॉक्टरांनी २००४ साली तो मांडला. समजा, सासऱ्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी १०,००० आणि तांबड्या ४० लाख आहेत, म्हणजे प्रमाण ४०० तांबड्यांमागे एक पांढरी. त्या हिशेबाने पहिल्या नमुन्यात निव्वळ रक्त मिसळल्यामुळे ५० पांढऱ्या पेशी अपेक्षित होत्या, आढळल्या १२०, म्हणून इंडेक्स २.४. दुसऱ्या नमुन्यात अपेक्षित २५, आढळल्या २००, म्हणजे इंडेक्स ८. रक्त ओसरत असताना पांढऱ्या पेशी वाढत आहेत, हीच गोष्ट तुमच्या डॉक्टरांना खटकली असावी. साखरेचेही तसेच आहे. ५८ हा आकडा वरवर ठीक वाटतो, पण सीएसएफमधील साखर साधारणपणे रक्तातील साखरेच्या ६० टक्क्यांच्या आसपास असते. येथे ती ३० टक्के आहे. मात्र रक्तातील साखर एकाएकी चढली असेल तर सीएसएफ मागे राहतो, त्यामुळे एवढ्यावरच निष्कर्ष काढू नये.

मज्जातंतू
लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजनविना साखर वापरली गेली की तयार होणारा पदार्थ, तपासले आहे का, हे अवश्य विचारावे. सीएसएफमधील लॅक्टेट रक्तातील लॅक्टेटवर फारसे अवलंबून नसते आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते ४ मिलिमोल प्रतिलिटरच्या वर गेल्यास संसर्गाचा संशय बळावतो. अमेरिकेतील संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही लॅक्टेट आणि प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात वाढणारे प्रथिन) यांचा उपयोग मान्य केलेला आहे. तरीही मी वरील मताला एक पुस्ती जोडेन: रक्तस्रावानेही लॅक्टेट वाढते आणि आधी दिलेल्या प्रतिजैविकांमुळे ते उतरलेले असू शकते, म्हणून त्याचाही एकच आकडा नव्हे तर चढउतार पाहावा.

पारिजातक
लॅक्टेट झालेले नाही, उद्या विचारते. चढउतारच पाहायचा असेल, तर नमुना रोज का घेत नाहीत?

सूक्ष्मजीव_प्रयोगशाळा
कारण प्रत्येक नमुन्यासाठी ही बंद व्यवस्था उघडावी लागते आणि तीच जंतूंना आत शिरण्याची वाट ठरते. त्यामुळे ताप आला, शुद्ध कमी झाली किंवा पाणी गढूळ दिसले तरच नमुना घेणे अनेक ठिकाणी पसंत करतात. नमुना नळीजवळच्या जागेतून निर्जंतुक पद्धतीने घ्यावा. पिशवीत साठलेले पाणी कल्चरसाठी चालत नाही. प्रतिजैविके आधी सुरू झाली असतील तर संसर्ग असूनही कल्चर कोरे येऊ शकते. शिवाय क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हा त्वचेवरचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, म्हणून कल्चर किमान १० दिवस ठेवण्याची शिफारस आहे. आपल्याकडे अतिदक्षता विभागांत अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला या जंतूंचाही धोका असतो. ते वेगाने पसरतात, त्यामुळे कल्चरची वाट पाहत औषध रोखून धरणे परवडत नाही. औषध सुरू करण्याआधी नमुना घेतला होता का, हेही उद्याच विचारून घ्यावे. कोऱ्या अहवालावर किती विसंबायचे ते त्यावरून ठरते.